रामगिरीच्या सोप्या वाटा

आमचा मुलूख सपाट. धानाच्या बांध्या, त्यांमधले धुरे, मधूनच एखादें तळें, एखादी आमराई. असें पाहत पाहत नजर जाते ती थेट क्षितिजाला टेकते. अशा मुलखांतल्या माणसाला डोंगराचें किती अप्रूप असतें, हें कोंकणांतल्या किंवा मावळांतल्या मनुष्याला समजावून सांगणें कठीण आहे. त्याच्या दारांतच डोंगर उभा असतो. आम्हांला मात्र चार-पांच कोसांवरून एक निळसर रेघ दिसली, तिच्या माथ्यावर पांढरा ठिपका चमकला, कीं गाडींतलीं सारीं माणसें ‘रामटेक, रामटेक’ म्हणत हात जोडतात. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानें निघावें, मनसरला उजवीकडे वळावें, आणि दोनएक कोस गेलें कीं डोंगराचा पायथा लागतो. नागपूरपासून सारें अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतबाहेर.

येथें आलेला मनुष्य काय करतो? मोटार असली तर ती गडाच्या जवळपर्यंत नेतो, पायीं असला तर अंबाळ्याच्या पायऱ्या धापा टाकीत चढतो. रामलक्ष्मणांचें दर्शन घेतो, वानरांना चणे टाकतो, तटावरून खालीं पाहून ‘वाहवा’ म्हणतो, आणि दोन तासांत परत. डोंगर म्हणजे त्याच्या लेखीं केवळ देवळाचें जोतें. वर जें आहे तें पाहावयाचें, आणि मधलें सारें ओलांडावयाचें. ज्याला चढवत नाहीं तो खालीं बसून राहतो. बहुधा ‘ती’ बसून राहते, असें म्हटलें तर अधिक खरें होईल.

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरांत टाकीत नाहीं. शिक्षकाच्या नोकरींत असतांना हिंवाळ्यांत शाळेचीं मुलें घेऊन आम्ही रामटेकला जात असूं, आणि आमचें कुटुंबही पुष्कळदां बरोबर असे. तिचे गुडघे तरुणपणींच दुखूं लागले. ‘तुम्ही जा वर. मी येथें अंबाळ्यावर बसतें, मुलांच्या पिशव्या सांभाळतें,’ असें ती म्हणे, आणि आम्ही ‘बरें’ म्हणून मुलांच्या पुढें पायऱ्या चढूं लागूं. वर गेल्यावर मेघदूत, वाकाटक, भोसले यांवर आमचें तासभर व्याख्यान होई. खालीं आलों कीं दशम्या आणि चटणी तयार असे. असें किती वर्षें चाललें याचा हिशेब आम्हीं कधीं केला नाहीं. गेल्या कार्तिकांत आमची कन्या माहेरीं आली होती. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेच्या गोष्टी निघाल्या, तेव्हां ती सहज बोलून गेली, “बाबा, आईनें रामटेकच्या पिशव्याच पाहिल्या आहेत. रामटेक पाहिलेंच नाहीं.” कुटुंब कांहीं बोललें नाहीं. तांदूळ निवडीत होती, ती निवडीत राहिली. आम्हांला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं भाड्याच्या मोटारीची गोष्ट काढली. त्यावर उत्तर मिळालें तें असें: “मोटारींत बसून वर जायचें आणि मोटारींत बसून खालीं यायचें, तर घरांतला फोटो काय वाईट आहे? मला पायीं जायचें आहे. चढ झेपत नाहीं म्हणजे चालवत नाहीं, असें नाहीं.” हा भेद, वाचकहो, आमच्या ध्यानांत चाळीस वर्षांत आला नव्हता. मग मार्गशीर्ष आणि पौष असे दोन महिने आम्हीं उभयतांनीं या डोंगराच्या सोप्या वाटा धुंडाळल्या. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहों; कारण अशा बसून राहणाऱ्या भगिनी आणि त्यांना बसवून ठेवणारे आमच्यासारखे गृहस्थ घरोघरीं असतील.

प्रथम आमची संस्कृताची खोड थोडी सहन करावी. मेघदूतांतला रामगिरि कोणता, हा वाद जुना आहे. मल्लिनाथानें टीकेंत तो चित्रकूट म्हणून सांगितला. कांहीं पंडित सरगुजांतल्या रामगडाकडे बोट दाखवितात. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं रामटेकचा पक्ष मांडला, आणि आम्हांला तो पटतो. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिनें अमरावतीकडील रिद्धपूर येथें सांपडलेला आपला ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दिला आहे. म्हणजे त्या काळीं हें नांव येथें चालत होतें एवढें तरी निश्चित. परंतु आमचा मुद्दा दुसराच आहे. कवीनें पहिल्याच श्लोकांत या पर्वताचे विशेष कोणते सांगितले? शिखर नव्हे, कडे नव्हेत. सीतेच्या स्नानानें पवित्र झालेलें पाणी आणि दाट सावलीचे वृक्ष. शिवाय आश्रम म्हटला तो एक नव्हे, अनेक. हे श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविले, तरी पाणी व सावली हीं डोंगराच्या माथ्यावर नसून पायथ्याशीं आणि अंगावर असतात, हें आमच्या डोक्यांत शिरलें नाहीं. गडावरच्या लक्ष्मणाच्या देवळांत यादव राजा रामचंद्र याच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरच्या भागांतला, मोठा शिलालेख आहे. तोही देवळापाशीं थांबत नाहीं. डोंगराभोंवतालच्या तीर्थांची तो वर्णनें करतो. जुनीं माणसें या डोंगराभोंवतीं फिरत होतीं. वर चढून परत जाण्याची घाई आपली आहे.

आतां वाटा. सर्वांत सोपी ती अंबाळ्याच्या कांठची. डोंगर सरळ नसून घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, आणि त्याच्या कुशींत हें तळें आहे. भोंवतीं घाट, घाटांवर लहानमोठीं देवळें. कांहीं नांदतीं, कांहीं पडकीं, एखाद्याच्या शिखरांतून पिंपळ उगवलेला. कांठाकांठानें जेवढें चालतां येतें तेवढें चालावें. घाई केली नाहीं तर पाऊण तास सहज जातो. येथें चढ मुळींच नाहीं; सांभाळावयाचें तें शेवाळ आलेल्या दगडांना. सकाळीं आठच्या सुमारास डोंगराची सावली पाण्यावरून हळू हळू मागें सरूं लागते, आणि देवळांचीं शिखरें एकेक करून उजळतात. कुटुंब ज्या घाटावर इतकीं वर्षें बसत आली त्याच्या पलीकडे पन्नास पावलांवर काय आहे हें तिनें कधीं पाहिलें नव्हतें. ‘पिशव्या टाकून कशी जाणार होतें?’ हा तिचा प्रश्न. एका पडक्या देवळाच्या चौकटीवरची गणेशपट्टी तिनें आम्हांला दाखविली. आम्हीं तीं देवळें कधीं मोजलींसुद्धां नव्हतीं.

दुसरी वाट कपूरबावडीची. ही गांवाच्या गजबजाटापासून दूर, पायथ्याच्या झाडीच्या बाजूला आहे. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. परंतु ही नुसती विहीर नव्हे. पाण्याच्या कडेनें दगडी खांबांची ओवरी आहे, तिचें प्रतिबिंब खालीं पडतें, आणि शेजारीं देवीचें जुनें देऊळ आहे. तेथपर्यंतची वाट जवळजवळ सपाट; दोहों बाजूंना पळस, मोह, ऐन आणि सीताफळीचीं झुडपें. पावसाळ्याच्या आरंभीं कुडाही फुलतो. मेघदूतांतील यक्षानें मेघाला ज्या फुलांचें अर्घ्य दिलें तें कुटज तें हेंच. शहरांत वाढलेल्या मुलांना तें झाड दाखवावें. कोशांतल्या अर्थापेक्षां तें अधिक दिवस लक्षांत राहतें. येथें एकट्यानें जाऊं नये. तिघेचौघे असावे, ऊन वर येण्यापूर्वीं परतावें. वाटेंत जमेल तर पायथ्याचें जैनांचें शांतिनाथाचें मंदिरही पाहावें.

खिंडसीच्या तलावाविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तेथें आतां नौका, उपाहारगृहें वगैरे होऊन पुष्कळ लोक जातात. सूर नदीवरील हा बांध 1913 मध्यें झाला. बांधाच्या बाजूची जमीन सपाट, वारा पाण्यावरून येणारा. ज्यांना मैल दीड मैल नुसतें चालावयाचें आहे त्यांना संध्याकाळची वेळ उत्तम. आम्ही एकदां गेलों, बरें वाटलें, एवढेंच.

परंतु नगरधनची वाट आम्हांला फार आवडली, आणि ती कोणी सुचवीत नाहीं म्हणून मुद्दाम सांगतों. रामटेकच्या दक्षिणेला दोन कोसांच्या आंतबाहेर नगरधन हें गांव आहे. हेंच वाकाटकांचें नंदिवर्धन. भोसल्यांच्या काळचा भुईकोट किल्ला तेथें अजून उभा आहे. आणि 2015 पासून पुढें तीनचार वर्षें डेक्कन कॉलेजानें व राज्याच्या पुरातत्त्व खात्यानें तेथें जें उत्खनन केलें त्यांत प्रभावतीगुप्तेच्या नांवाची मातीची मुद्रा सांपडली. मिराशींच्या पिढीला जें तर्कानें मांडावें लागलें त्याला मातीनें दिलेली ही साक्ष. येथवर वाहनानें यावें, किल्ला पाहावा, आणि मग रामटेककडे तोंड करून धुऱ्यांवरून किंवा गाडीवाटेनें पाऊण कोस चालावें. धान कापून झालेला असला म्हणजे सारा मुलूख उघडा असतो. समोर डोंगर. त्याच्या पाठीमागें उत्तरेकडे निळ्या वनांच्या टेकड्या, पण अलीकडे मात्र तो एकटाच, आणि माथ्यावर देवळांची पांढरी रांग. एखादा डोंगर पाहावयाचा तर त्याच्यावर चढून तो दिसत नाहीं, ही साधी गोष्ट या धुऱ्यावर कळली. राणीनें दान देतांना त्या देवाच्या चरणांचा उल्लेख कां केला, हेंही आम्हांला येथें अधिक समजलें. तिच्या राजधानींतून सकाळीं उठल्यावर हाच डोंगर दिसत असला पाहिजे.

ऋतूविषयीं थोडें. कार्तिक ते माघ हा काळ चांगला. चैत्र-वैशाखांत या भागांत उन्हाचा पारा पंचेचाळीसच्या घरांत जातो. तेव्हां देवाला लांबूनच नमस्कार करावा. पावसाळ्यांत हिरवाई अप्रतिम, पण दगड निसरडे आणि गवतांत सापकिरडूं. वानरांविषयीं निराळें सांगावयास हवें. रामाचे सेवक म्हणून त्यांचे लाड फार झाले आहेत. काळतोंडें वानर दिसायला गंभीर, परंतु हातांत पिशवी दिसली कीं तिच्यांत प्रसाद आहे असें तें धरूनच चालतें. नारळ, केळीं, चणे उघडे नेऊं नयेत. हातांत काठी असावी. ती मारण्यासाठीं नव्हे, दिसण्यासाठीं. तीच पुढें चढावर उपयोगीं पडते.

अखेरची वाट ती वरची, आणि हिच्याविषयीं आम्हांला सर्वांत अधिक सांगावयाचें आहे. गडाकडे जाणारी मोटारसडक वळणावळणांनीं, सावकाश चढते. पायऱ्यांनीं जो चढ एकदम अंगावर येतो तोच येथें लांब अंतरावर पसरलेला आहे. म्हणून गुडघ्यांना झेपतो. पहांटे वाहनें थोडीं असतात. आमच्या कुटुंबानें स्वतःच नियम घातला: एक वळण, एक विसावा. पहिल्या सकाळीं दोन वळणें करून आम्ही परतलों. ‘आज एवढेंच,’ असें ती म्हणाली, आणि त्या म्हणण्यांत हार नव्हती. चार दिवसांनीं त्याहून पुढें गेलों. आम्ही मात्र आरंभीं फार घाई करीत होतों. पुढें जाऊन उभे राहावयाचें आणि मागें वळून पाहावयाचें ही शिक्षकाची संवय. तिसऱ्या दिवशीं तिनें स्पष्ट सांगितलें, “अहो, मी तुमची विद्यार्थिनी नाहीं. बरोबर चाला.” तेव्हांपासून बरोबर चाललों.

वरच्या भागांत कालिदासाचें स्मारक आहे. वाटोळी वास्तु, आंत त्याच्या ग्रंथांतील प्रसंगांचीं चित्रें, भोंवतीं बाग. बसावयास जागा चांगली. त्याहून महत्त्वाचीं तीं नृसिंहाचीं दोन जुनीं मंदिरें, केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह. पांचव्या शतकांतलीं, वाकाटकांच्या वेळचीं. बाहेरून पाहिलें तर ठेंगणीं, जाड दगडी. जाणारे-येणारे तिकडे ढुंकूनही पाहत नाहींत. आंत तांबड्या दगडाची भव्य मूर्ति, एक गुडघा उभा करून बसलेली. मांडीवर हिरण्यकशिपु नाहीं, समोर प्रल्हाद नाहीं, क्रोध नाहीं. नुसता बसलेला नृसिंह.

केवल नृसिंहाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. कित्येक शतकें तो चुन्याच्या गिलाव्याखालीं झांकलेला होता. 1980 नंतरच्या दशकाच्या आरंभीं गिलावा काढतांना तो उघड झाला. आम्ही त्या वेळीं विद्यार्थी होतों. लेख फार झिजलेला, ओळींचा बराच भाग गेलेला. परंतु हान्स बाकर प्रभृति विद्वानांनीं जें वाचलें त्यावरून असें दिसतें कीं, प्रभावतीगुप्तेच्या कन्येनें आपल्या आईच्या पुण्यार्थ हें देऊळ बांधविलें, आणि येथील देवाला आईच्या नांवावरून प्रभावतीस्वामी असें नांव दिलें. हें सारें आम्हीं तेथेंच, पायरीवर बसून, कुटुंबाला सांगितलें. मुलांपुढें हेंच व्याख्यान कितीदां तरी दिलें होतें, पण तें ऐकणारीं मुलें वानरांकडे पाहत असत. ही मात्र नीट ऐकत होती. थोड्या वेळानें म्हणाली, “लेकीनें केलें म्हणा.” आणि उठून मूर्तीला पुन्हां एकदां नमस्कार करून आली.

तेथून वराहापर्यंत चाल फार नाहीं. गडाच्या दाराबाहेर खांबांच्या मंडपांत हा दगडी वराह उभा आहे. तोही वाकाटककालीन, अंगानें प्रचंड. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघण्याची चाल आहे, आणि पापी मनुष्य मध्येंच अडकतो अशी समजूत आहे. आम्हीं तरुणपणीं हें केलें आहे. आतां खालीं वांकून पाहिलें, आणि सरळ झालों. कुटुंब म्हणाली, “मला गुडघ्यांनीं अडविलें, पापानें नाहीं. तुमचें तुम्ही पाहा.”

येथून पुढें मात्र सोपी वाट नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगणें भाग आहे. गडाचीं दारें एकामागून एक ओलांडावीं लागतात, आणि पायऱ्या टळत नाहींत. अठराव्या शतकांत पहिल्या रघूजी भोसल्यांनीं या देवळांचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या किंवा त्यांच्या आधींच्यांच्या कोणाच्याही मनांत दुखऱ्या गुडघ्यांचा विचार आला नसावा. त्या सकाळीं आम्ही वराहापासूनच परतलों. रामाला खालूनच हात जोडले. परततांना तिनें विचारलें, ‘पायऱ्या किती असतील हो?’ आम्हांला सांगतां आलें नाहीं. इतक्या वेळां चढलों, पण मोजल्या कधींच नव्हत्या.

माघ लागल्यावर एका सोमवारीं पुन्हां गेलों. गर्दी नव्हती. पायरीवर समोर तोंड करून चढण्यापेक्षां आडवें उभें राहून, एक हात भिंतीला, एक काठीला, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्यावरच पुढची, अशी युक्ति कन्येनें पत्रांतून कळविली होती. ती उपयोगीं पडली. दर दहा पायऱ्यांवर बसणें झालें. तरुण मंडळी बाजूनें धांवत वर जात होतीं, परत येत होतीं, आम्ही तेथेंच. एका मुलीनें ‘आजी, हात देऊं का?’ म्हणून विचारलें. ‘नको ग बाळ, माझी चाललेली आहे,’ असें उत्तर मिळालें. पाऊण तासानें लक्ष्मणाच्या देवळापुढें उभे राहिलों, मग रामाच्या. दर्शनाचें येथें लिहीत नाहीं.

बाहेर तटापाशीं आलों. खालीं अंबाळें, भोंवतीं तीं इवलीं देवळें, पलीकडे झाडी. दुसऱ्या बाजूला धानाचा उघडा मुलूख, उन्हांत पिवळसर. आम्ही संवयीनें वाकाटकांपासून सुरुवात करणार होतों. तिनें हातानें थांबविलें. बराच वेळ ती खालच्या पाण्याकडे पाहत राहिली, आणि मग बोटानें एक घाट दाखविला. “तो पाहा. तिसरी पायरी. तेथें मी बसत असें.” तेथें त्या वेळींही कोणी तरी बसलेलें दिसत होतें, वरून फक्त हिरव्या लुगड्याचा ठिपका, आणि शेजारीं पिशव्यांचा ढीग.

“आतां खालीं गेलों कीं,” कुटुंब म्हणाली, “तिला नृसिंहाच्या वाटेचें सांगूं.” आणि काठी उजव्या हातांतून डाव्या हातांत घेऊन ती पायऱ्यांकडे वळली. दशम्यांची पिशवी आमच्या हातांत होती. एक वानर तटावरून आमच्याबरोबर निघालें.